नगरचा आकडा किती?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी महाराष्ट्रात २०१९ च्या जून ते डिसेंबरात झाली. लैंगिक हिंसेबद्दल त्यातला 'नगरचा आकडा' अधूनमधून कुणीतरी मागतं. असा आकडा नाही. अहमदनगर जिल्ह्याची (नाव अहिल्यानगर व्हायचं होतं तेव्हा) माहितीपत्रिका आहे. तीत लसीकरण आहे, रक्तक्षय आहे, बालविवाहही आहेत, पण हिंसा नाही. हिंसेचे प्रश्न सुमारे १५ टक्के घरांतच विचारले जातात, तेही घरटी एकाच बाईला. जावाजावांना एकच प्रश्न विचारला तर गोष्ट घरभर होते आणि सांगणारीच्या जिवावर बेतते. एवढ्या उत्तरांवर राज्याचा अंदाज बांधता येतो, जिल्ह्याचा नाही. मूळ फाइलीत जिल्ह्याचा कोड असतो, म्हणून हौशी मंडळी तेवढ्याच ओळी निवडून टक्केवारी काढतात. ती निघते, पण टिकत नाही.

फाइल उघडली की आधी व्ही-०४४ हा रकाना पाहावा. बाई या भागासाठी निवडली होती का, बोलणं झालं का, की एकांत मिळाला नाही, ते तिथे कळतं. समजा प्रश्न सुरू असताना सासूबाई ओसरीत येऊन बसल्या. मग विषय बदलायचा किंवा थांबायचं, असा नियम आहे. त्या बाईचे पुढचे रकाने कोरे राहतात. कोरं म्हणजे 'नाही' नव्हे. कोऱ्याचा शून्य केला की जिल्हा एका क्षणात सुखी होतो.

पुढे डी-१०५-एच: नवऱ्याने इच्छेविरुद्ध जबरदस्तीने संबंध ठेवले का? ० म्हणजे कधीच नाही, १ वारंवार, २ कधीकधी, आणि ३ म्हणजे पूर्वी झालं, गेल्या बारा महिन्यांत नाही. हा ३ फसवा आहे. 'कधीतरी सोसलं' मोजताना तो धरायचा, 'गेल्या वर्षी' मोजताना वगळायचा. वजनही वेगळं, डी-००५, नेहमीचं व्ही-००५ नव्हे. तीन पात्र बायकांच्या घरातून निवडलेली एकटी तिघींच्या वतीने बोलत असते.

आता बातमीत येणारा राज्याचा आकडा. चौथ्या फेरीत २१.३ टक्के, पाचवीत २५.२. ही १८ ते ४९ वयाच्या, कधीतरी लग्न झालेल्या बायकांनी सांगितलेली नवऱ्याकडची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा आहे. मारहाण त्यात मिसळलेली आहे, त्यामुळे मथळ्यात तिला 'लैंगिक अत्याचार' म्हणणं चूक. आणि वाढलं काय, हिंसा की बोलणं, हे नुसत्या टक्क्यावरून कळत नाही.

पोलिसांच्या नोंदींशी तर ताळा बसायचाच नाही. देशभर लैंगिक हिंसा सांगणाऱ्या विवाहितांपैकी ८२ टक्के जणींनी सध्याच्या नवऱ्याचं नाव घेतलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये सज्ञान पत्नीवरचा असा प्रकार बलात्कार धरलाच जात नाही.

आपल्याकडची एक गोम आणखी. आदल्या रात्री त्या घरात मुक्कामी असलेल्या बायकांचीच मुलाखत होते. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगावकडून कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेली बाई गावच्या घरी सापडायची कशी? फडावरच्या खोपटात काय घडतं, ते गावच्या यादीतून कळायचं नाही.

म्हणून हे आकडे कमीत कमी धरावेत. पाचव्या फेरीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या देशभरच्या बायकांपैकी ७७ टक्के जणींनी त्याआधी ना कुणाची मदत मागितली होती, ना कुणाला सांगितलं होतं.