लाईट गेल्यावर पहिलं थांबतं ते पाणी

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं, तेव्हा दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत आम्ही सगळे माजघरात दारं-खिडक्या घट्ट लावून बसलो होतो. लाईट सकाळीच गेली होती. संध्याकाळी वारा पडला, पुढचं दार उघडलं आणि ओटीवरून समुद्र दिसला. माझ्या जन्मापासून तो पोफळींच्या आड होता. आगर आडवं झालं होतं. माडांखाली विजेचे खांब, खांबांभोवती तारांची भेंडोळी आणि वळणावरची डीपी एका अंगावर कललेली. लाईट उद्या येणार नाही हे पोरासोरांनाही कळलं. ती चोविसाव्या दिवशी येईल, असं मात्र कुणाच्याच मनात आलं नाही.

घरात इन्व्हर्टर होता, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. पहिल्या रात्री दोन पंखे लावले, चार दिवे लावले, सगळ्यांचे फोन चार्जिंगला लावले. पहाटे इन्व्हर्टर ओरडायला लागला आणि थोड्या वेळात गप्प झाला. खरी पंचाईत सकाळी झाली. नळ सोडला तर फुस्स. टाकी रिकामी, मोटर बंद आणि विहिरीवरचा रहाट आम्ही पंधरा वर्षांपूर्वी काढून टाकलेला. पाणी बारा हातांवर दिसत होतं, पण वर काढायला घरात धड दोर नव्हता. शेवटी गोठ्यातला दोर बादलीला बांधून आईने आणि वहिनीने काठावर वाकून पाणी ओढलं. तिसऱ्या दिवशी वहिनीच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते.

तेव्हापासून मी विजेच्या सोयीचा विचार पाण्यापासून सुरू करतो. बॅकअप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दिवा आणि पंखा येतो. अंधारात माणूस राहू शकतो, उकाडाही सोसतो. पाण्याविना स्वयंपाक, संडास, गुरं, आजारी माणूस, सगळंच अडतं. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तिथे काही तासांचाच प्रश्न होता. तरी माझ्या मावशीने पहिला फोन केला तो बाराव्या मजल्यावर पाणी चढत नाही, हे सांगायला.

मोटरीचं गणित घरच्या इन्व्हर्टरला पेलणारं नाही. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. एवढं काम करायला मोटर हजारएक वॅट ओढते आणि सुरू होतानाचा झटका त्याच्या चार-पाच पट असतो. घरोघरी असतो तो ९०० व्हीएचा इन्व्हर्टर या झटक्यालाच मान टाकतो. म्हणून पाण्याची सोय विजेशिवायचीच हवी. विहीर असेल तर रहाट आणि काथ्याचा किंवा नायलॉनचा चांगला दोर. बोअरवेल असेल तर वाडीत एक तरी हातपंप चालू स्थितीत. टाकी उंचावर आणि वादळाचा इशारा आला की काठोकाठ भरलेली, शिवाय घरातली सगळी पिंपं, हंडे, कळश्या. आमच्या घरी आता रहाट पुन्हा बसला आहे. मृग लागायच्या आधी त्याला तेल घालायचं आणि दहा कळश्या ओढून बघायच्या, हे काम आईने माझ्याकडे दिलं आहे.

आता बॅटरीकडे येतो, कारण तिथे आमची चूक निव्वळ अज्ञानाची होती. दुकानदाराने ‘आठ तास आरामात चालेल’ असं सांगितलं होतं आणि आम्ही तेवढंच लक्षात ठेवलं. १२ व्होल्टची १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. ती पूर्ण पिळून काढायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही काही वीज वाया जाते. हातात येतात अकराशेच्या आसपास. साधा छताचा पंखा ७५ वॅट घेतो, ९ वॅटचे चार एलईडी मिळून ३६. दोन पंखे आणि चार दिवे म्हणजे १८६ वॅट, म्हणजे साधारण सहा तासांत खेळ खलास. पंखे बीएलडीसी असते, तर प्रत्येकी तीसएक वॅटवर भागलं असतं आणि तेच अकरा तास गेले असते. बॅटरी बदलण्याआधी पंखे बदला, असं मी आता भेटेल त्याला सांगतो.

आणि आज मागे वळून पाहताना सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती पुढच्या हिशेबाची. एक दिवा रोज चार तास लावला असता, तर ३६ वॅट-तास लागले असते. एक फोन रोज पूर्ण भरायला पंधरा-वीस. इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी स्वतःसाठी दहा-पंधरा वॅट खातो. म्हणून तो त्या चार तासांपुरताच चालू करून मग मागच्या बटणाने बंद करायचा. सगळं धरून दिवसाला फार तर ११५ च्या आसपास. आम्ही एका रात्रीत उधळलेली वीज आम्हाला नऊ-दहा दिवस पुरली असती. ज्या रात्री लाईट जाते, त्याच रात्री घरातल्या थोरल्याने ठरवायला हवं की ही चार तासांची गोष्ट आहे की चार दिवसांची. शंका असेल तर चार दिवसांचीच धरावी.

आमची बॅटरी त्यातून उठलीही नाही. लेड-ॲसिड बॅटरी तळाला जाऊन आठवडेच्या आठवडे रिकामी पडली, की तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग ती चार्ज घेत नाही. रोज दोनच तास लाईट येत असेल, तर ही बॅटरी भरतच नाही, तिला दहा-बारा तास लागतात. लिथियमची लवकर भरते आणि जास्त वर्षं टिकते, पण पैसे जास्त मोजावे लागतात. ज्यांच्याकडे लेड-ॲसिड आहे त्यांनी दर दोन महिन्यांनी पाण्याची पातळी बघावी, फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावं आणि ती झोपायच्या खोलीत किंवा देवघराच्या समईजवळ ठेवू नये. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

‘मग छपरावर सोलर टाका, प्रश्न मिटला,’ असं पुष्कळांना वाटतं. इथे मला मनापासून सावध करायचं आहे. पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली, ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं आणि वीजबिल खरोखर उतरतं. पण यातली बहुतेक यंत्रणा ऑनग्रिड असते, बॅटरीशिवायची. गावची लाईट गेली की लख्ख उन्हातही ती स्वतःहून बंद पडते. हा बिघाड नाही. बंद लाईनवर तुमच्या छपरावरून वीज जाऊन खांबावरच्या माणसाला धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. लाईट गेल्यावरही चालणारी हवी असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते. हे पैसे भरायच्या आधी विचारायचं असतं.

आम्ही त्यानंतर लहान उपाय केला. शंभर वॅटचं एक पॅनल, चाळीस एएचची बॅटरी आणि तिच्यावर थेट चालणारे ५ वॅटचे तीन डीसी दिवे, फोनसाठी एक चार्जर. इन्व्हर्टरची गरजच नाही. उन्हाळ्यात हे पॅनल दिवसाला चारशे वॅट-तासांपर्यंत देतं. जून-जुलैच्या दाट ढगांत ते पाव हिश्श्यावर येतं, पण तीन दिवे चार तास आणि एक फोन तेवढ्यात निघतात. वादळाच्या आदल्या दिवशी पॅनल खाली उतरवून माजघरात ठेवतो, म्हणून ते कायमचं पक्कं न करता बोल्टांवर बसवलं आहे.

आईच्या इन्सुलिनची काळजी त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त होती. फ्रीज उघडला नाही, तर चारेक तास गारवा धरतो, पुढे ते नुसतं कपाट. आम्ही कुप्या प्लॅस्टिकच्या डब्यात घालून डबा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात, माजघराच्या कोपऱ्यात ठेवला. कोकणच्या दमट हवेत मडकं देशावरच्या कोरड्या हवेतल्यासारखं गार होत नाही, पण ऊन आणि पत्र्याची धग तरी चुकते. वापरात असलेली कुपी बहुधा ३० अंशांच्या आत चार आठवडे चालते. तुमच्या औषधाचं काय, हे मे महिन्यातच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून ठेवा. घरात कुणी ऑक्सिजनच्या यंत्रावर असेल, तर इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नये. भरलेला सिलिंडर आणि जवळच्या दवाखान्याचा रस्ता, दोन्ही आधी ठरलेले हवेत.

फोनला रेंज नव्हतीच, टॉवरही विजेवरच. सड्यावर चढलं की एखादी कांडी यायची. रेंज शोधत राहणारा फोन बॅटरी भराभर संपवतो, म्हणून तो विमान मोडवर ठेवायचा आणि वर गेल्यावरच उघडायचा. सेलवरचा रेडिओ, रोकड, आणि गिरणी बंद असते म्हणून आठवड्याचं दळण, एवढं आता आमच्याकडे जूनपूर्वी तयार असतं.

आठव्या दिवशी कुणीतरी छोट्या टेंपोत घालून जनरेटर आणला. तो घरोघर फिरून अर्धा-अर्धा तास टाक्या भरून देई. एक यंत्र, सगळी वाडी. प्रत्येकाने जनरेटर विकत घेण्यापेक्षा ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. जनरेटर घरात, पडवीत, खिडकीखाली कुठेही चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस झोपेतच जातो. दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांना ठाऊक आहे. दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर करून काहीजण जनरेटर थेट घरच्या सॉकेटात खुपसतात. ती वीज मीटरमधून उलटी डीपीत जाते, आणि जी डीपी ११ हजार व्होल्टचे आपल्यासाठी २३० करते, तीच २३० चे पुन्हा हजारो व्होल्ट करून लाईनवर चढवते. लाईन मेलेली आहे असं समजून वर चढलेला वायरमन त्यात जातो. चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय जनरेटर घराच्या वायरिंगला जोडूच नये.

चोविसाव्या दिवशी आले ते वायरमन दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले होते, घरच्यांपासून पंधरा-वीस दिवस लांब. खांबांच्या जागेपर्यंत रस्ता नव्हता म्हणून सिमेंटचे खांब दोर लावून आगरातून ओढत न्यावे लागले, वाडीतली सगळी पोरं त्यात होती. आईने सगळ्यांना विहिरीचं पाणी आणि गूळ दिला. आम्ही फ्रीज, टीव्ही, मोटर यांच्या पिना काढल्या, फक्त ओटीवरचा एक दिवा चालू ठेवला. अशा वेळी न्यूट्रल सुटलेला असेल, तर २३० च्या जागी ४०० च्या जवळपास व्होल्ट घरात शिरतात. दिवा नेहमीपेक्षा जास्त भगभगला तर लगेच मेन स्विच बंद करायचा असतो.

डीपीचा स्विच हातात धरून त्यातला वयस्कर वायरमन थांबला आणि वाडीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, ‘जनरेटर कुणाचा जोडलेला नाही ना? खरं सांगा, माझा माणूस पुढच्या खांबावर आहे.’ खालच्या घरातून काका धावत वर आले, ‘थांबा, थांबा’ म्हणत. त्यांनी वायर काढल्याचं सांगेपर्यंत त्याने हात हलवला नाही. मग पुढच्या खांबावरचा माणूस खाली उतरल्यावर खटका ओढला. आमच्या ओटीवरचा दिवा नेहमीसारखाच, जरा पिवळसर लागला. वहिनी त्याच्याकडे दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि मग मोटरीची पिन लावायला मागच्या दारी गेली.