तान्ह्या बाळाचे अबोल दुखणे

"बाळ आज नेहमीसारखे नाही." आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी, बेला-जैनथकडील मराठी घरांत काय किंवा नदीपलीकडे यवतमाळच्या खेड्यांत काय, एखाद्या आजीच्या तोंडून हे वाक्य निघते, तेव्हा ऐकणाऱ्याला ते मोघम वाटते. ताप किती, दुखते कोठे, यांपैकी कशाचेच उत्तर त्यात नसते. परंतु दोन महिन्यांच्या आतील बाळापुरते बोलावयाचे, तर त्याच्या दुखण्याची पहिली वार्ता बहुधा याच शब्दांत येते.

मोठ्या माणसाच्या फुप्फुसाला रोग जडला, तर त्याला खोकला येतो; मूत्रमार्गाला जडला, तर जळजळ होते; मेंदूच्या आवरणाला जडला, तर मान ताठते. तान्ह्या बाळात ही निरनिराळी दुखणी बहुतेक एकाच भाषेत बोलतात. बाळ अंगावर पिईनासे होते, रडणे क्षीण होते, हातपाय ढिले पडतात. मेंदूज्वरातही त्याची मान पुष्कळदा ताठत नाही. याचे कारण असे, की जंतूंना एका जागी कोंडून धरण्याची शक्ती त्याच्या शरीरात अद्याप पुरती आलेली नसते. रोग लवकर रक्तात पसरतो आणि सगळे शरीर एकदम मलूल होते.

त्यातही फसविणारे लक्षण म्हणजे गार पडलेले अंग. रोग म्हणजे ताप, ही समजूत येथे उपयोगी पडत नाही. जंतुदोष झालेल्या नवजात बाळाचे अंग तापण्याऐवजी थंडही पडते. आदिलाबादेत हिवाळ्यात पारा दहा अंशांच्या बराच खाली उतरतो, तेव्हा गार हातपायांचा दोष सहजच हवेला दिला जातो. शिवाय नवजात बाळ मोठ्यांसारखे कुडकुडत नाही, त्यामुळे त्याची थंडी दिसतही नाही. ऊब दिल्यावरही अंग तापत नसेल आणि बाळ पीतही नसेल, तर तो हवेचा दोष नव्हे.

या मोघम लक्षणांना शिस्त लावण्याचे मोठे काम पूर्वेकडील गडचिरोली जिल्ह्यात झाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून तयार केले. रडणे क्षीण होणे, पिणे सुटणे, अंग ढिले पडणे, पोट फुगणे अशी साधी चिन्हे त्या घरोघर जाऊन पाहत. एकाहून अधिक चिन्हे एकत्र दिसली, की जंतुदोष समजून औषधोपचार करीत. तेथील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून खाली आल्याचा वृत्तांत 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. येथे रोगाचे नाव ठाऊक नसताही मुले वाचली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पुढे 2011 पासून देशभर आशा कार्यकर्त्या घरी जाऊन बाळ पाहू लागल्या. जन्म रुग्णालयात झाला असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी त्यांची फेरी असते. घरी झाला असल्यास पहिल्या दिवशीही.

उटनूर-इंद्रवेल्लीच्या डोंगरपट्ट्यातील गोंड व कोलाम वस्तीत आणखी एक दुखणे लक्षात ठेवावे लागते. ते म्हणजे सिकलसेल. जन्मतःचे रक्तद्रव्य काही महिने बाळाचे रक्षण करते. म्हणून प्रारंभी काहीच दिसत नाही. सहा महिन्यांच्या सुमारास मात्र मार लागला नसताही हातापायांचे पंजे सुजतात आणि मूल आक्रोश करते. रक्ताच्या तपासणीने हा रोग ओळखता येतो.

अर्थात प्रत्येक कुरकूर रोगाची नव्हे. उचकी, शिंका, पिल्यानंतरची थोडी गुळणी, सायंकाळचे रडगाणे यांनी घाबरावयाचे कारण नाही, पण बाळ मधल्या वेळात आवडीने पीत असले पाहिजे आणि त्याचे वजन वाढत असले पाहिजे. दृष्ट काढल्यानेही नुकसान नाही. वेळ जातो तेवढाच. मेळघाटात मात्र पोटफुगीवर तापल्या लोखंडाचे डाग देण्याची चाल आढळली आहे. तिने मूळ रोग राहतोच, वर भाजल्याची जखम होते.

बाळ शांत असता त्याचे श्वास पुरा एक मिनिट मोजावेत. ते 60 किंवा अधिक भरले आणि पुन्हा मोजूनही तितकेच आले, छातीखाली खळगा पडू लागला, झटके आले किंवा पिणे थांबले, तर त्याच दिवशी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र वा आदिलाबाद शहरातील 'रिम्स' रुग्णालय गाठावे. वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे, आणि त्याला गिळता येत असेल तर पाजीत न्यावे.