गाईच्या पोटातली तीन कुळे

कडबा खाऊन गाय रवंथ करत बसते आणि मधूनमधून ढेकर देते. त्या ढेकरांतून मिथेन बाहेर पडतो. गोबरगॅसची शेगडी पेटते ती याच वायूवर. तो गाय बनवत नाही, तिच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यातले सूक्ष्मजीव बनवतात.

तिथला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. अंगावर लव असलेले, झरझर पोहणारे मोठे जीव म्हणजे प्रोटिस्ट. त्यांच्या पेशीत केंद्रक असते आणि ते जिवाणू गिळतात. बाकी नुसते ठिपके नि काड्या. त्यांतले जिवाणू कडब्यातला सेल्युलोज फोडतात. त्यातून सुटलेला हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड वापरून दुसरे काही मिथेन बनवतात. केंद्रक दोघांतही नाही, म्हणून या दुसऱ्यांनाही जिवाणूच म्हणत.

१९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रूप बाजूला ठेवून रायबोसोममधला आरएनए ताडून पाहिला. पोथीच्या नकलांमधले पाठभेद मोजून कोणती प्रत कोणाच्या जवळची हे ठरवतात, तसेच हे. मिथेनवाले जिवाणूंपासून फारच दूर निघाले. आर्किया हे वेगळे कूळ ठरले ते असे. गाईच्या पोटातले काही आर्किया तर प्रोटिस्टच्या अंगातच राहतात आणि त्याचा हायड्रोजन तिथल्या तिथे वापरतात!

प्रोटिस्ट हा गट मात्र मला निव्वळ सोयीचा वाटतो. प्राणी, वनस्पती, बुरशी यांत न बसलेले केंद्रकवाले सगळे त्यात कोंबले आहेत. एकपेशीय अमीबा आणि समुद्रातला कित्येक मीटर लांब केल्प एकाच खणात आहेत, पण त्यांचे जवळचे नाते नाही.