मन मोजायचे कसे?

अंगात ताप आहे की नाही, हे थर्मामीटर सांगतो. तो काखेत धरावा, थोडे थांबावे आणि आकडा वाचावा. आईने वाचला काय किंवा शेजारच्या काकूंनी वाचला काय, आकडा तोच. पण एखादा मुलगा महिनाभर गप्प गप्प आहे, जेवणात लक्ष नाही, खेळायला बोलावले तरी येत नाही. त्याच्या मनाला काही झाले आहे का, हे कोणत्या यंत्राने मोजाल? मनाला लावायचा थर्मामीटर अजून कोणी बनवलेला नाही. तरीही मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ रोज अशी निदाने करतात, आणि ती अंदाजपंचे नसतात. विषय वैद्यकाचा खरा. पण मोजमापाचे नियम तिथे आणि आमच्या पदार्थविज्ञानात सारखेच आहेत, म्हणून त्यात डोके घालण्याचे धाडस करतो आहे.

मोजपट्टीकडून आपली पहिली अपेक्षा कोणती? एकच वस्तू दोघांनी मोजली, तर उत्तर एकच यावे. याला विश्वसनीयता म्हणतात. मनोविकारांच्या बाबतीत ही अपेक्षा एके काळी किती फसत असे, याची एक बोलकी हकीकत आहे. न्यूयॉर्कच्या इस्पितळांत स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे छिन्नमनस्कतेचे, रुग्ण लंडनपेक्षा फार जास्त आढळत. अमेरिकेच्या हवापाण्यातच काही आहे की काय? 1960 च्या दशकात संशोधकांनी याचा छडा लावायचे ठरवले. त्यांनी काही रुग्णांच्या मुलाखती चित्रित केल्या आणि त्याच चित्रफिती दोन्ही देशांतील शेकडो मनोविकारतज्ज्ञांना दाखवल्या. 1971 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतल्या एका रुग्णाला अमेरिकेतील दोन तृतीयांशांहून अधिक तज्ज्ञांनी छिन्नमनस्क ठरवले होते. ब्रिटनमध्ये तसे म्हणणारे निघाले शंभरात दोन! माणूस तोच, त्याचे शब्द तेच. फरक होता तो पट्टीत. अमेरिकेत हा शब्द फारच ऐसपैस वापरला जात होता.

हा काही परीक्षेतल्या अर्ध्या गुणाचा घोळ नव्हे. निदान बदलले की उपचार बदलतात, आणि घरच्यांची त्या माणसाकडे पाहण्याची नजरही बदलते.

1980 साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेची तिसरी आवृत्ती काढली. तिच्यात विकारांचे निकष स्पष्ट लिहून काढले होते. हल्लीच्या आवृत्तीतले नैराश्याचे निकष पाहा. उदास वाटणे, कशातच गोडी न वाटणे, झोप बिघडणे, भूक बदलणे, थकवा, लक्ष न लागणे अशी एकंदर नऊ लक्षणे तिथे दिली आहेत. त्यांपैकी कमीत कमी पाच, दोन आठवडे, जवळजवळ रोज दिसली पाहिजेत. पहिल्या दोहोंपैकी एक तरी त्यांत हवेच. शिवाय त्यांमुळे माणसाला मोठा क्लेश होत असला पाहिजे किंवा त्याचे रोजचे व्यवहार अडलेले असले पाहिजेत. गणितात कमी गुण पडले म्हणून चार दिवस तोंड पाडून बसणे यात बसत नाही.

पण नुसते एकमत पुरत नाही. प्रयोगशाळेतल्या स्क्रू गेजमध्ये शून्यांक त्रुटी असेल, तर ते वापरणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांचे उत्तर सारखे येईल आणि चाळीसही चुकतील. आपल्याला जे मोजायचे आहे तेच मोजले जात आहे ना, हा दुसरा प्रश्न. याला सप्रमाणता म्हणतात. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली, तर माणूस थकतो, सुस्तावतो, उदास होतो. दहा डॉक्टर त्याची लक्षणे मोजून एकमताने ‘नैराश्य’ म्हणतील, आणि मूळ दुखणे गळ्यात असेल! म्हणून नैराश्याचे नाव घेण्यापूर्वी शरीरातली अशी कारणे आहेत का हे तपासावे लागते.

आता प्रश्नावलीकडे वळू. नैराश्याची चाचपणी करणारी, नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, म्हणजे जास्तीत जास्त 27. प्रौढ रुग्णांवरचा तिचा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. 10 किंवा अधिक गुण ही मर्यादा धरली, तर खरोखर आजारी असलेल्या शंभरांपैकी 88 जण तिने पकडले आणि निरोगी शंभरांपैकी 88 जणांना बरोबर सोडले. यंत्र चांगले आहे. पण मित्रांनो, कागद-पेन्सिल घ्या आणि हे गणित करा.

समजा, 1000 लोकांच्या गावात 50 जणांना नैराश्य आहे. पैकी 44 पकडले जातील. उरलेल्या 950 निरोगी माणसांपैकी शंभरी 12 प्रमाणे 114 जणांनाही 10 च्या वर गुण पडतील. एकूण झाले 158, आणि त्यांत खरे आजारी 44, म्हणजे चारांत जेमतेम एक! हीच प्रश्नावली जिथे निम्मे लोक आजारी आहेत अशा दवाखान्यात वापरली, तर तेच प्रमाण शंभरात 88 होते. (करून पाहा.) प्रश्न तेच, गुण तेच, पण आकड्याचा अर्थ जागेप्रमाणे बदलला. मोबाइलवर प्रश्नावली भरून स्वतःला किंवा वर्गमित्राला आजाराचे नाव चिकटवणारे हे गणित विसरतात. त्या गावातले सहा आजारी मात्र निसटले, तेही विसरू नका. गुण कमी पडले तरी मन खरोखर दुखत असेल, तर घरच्यांना किंवा शिक्षकांना सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे.

बुद्धीच्या कसोट्यांचेही असेच. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी 1905 साली पहिली कसोटी रचली, ती शाळेत वेगळी मदत कोणत्या मुलांना लागेल हे ओळखण्यासाठी. परक्या देशातले प्रश्न आपल्या मुलांना विचारले, तर बुद्धी मोजली जाईल की परक्या घरातल्या वस्तूंची ओळख? म्हणून 1930 च्या दशकात धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी कसोटी नव्याने बेतली. ‘बिने-कामत’ हे नाव तिच्यामुळेच. अर्थात इतक्या जुन्या पट्टीवर आजची मुले मोजताना फार जपावे लागते.

आणि पट्टी नवी असली तरी त्रुटी राहतेच. बुद्ध्यंक 70 आला, तर त्यापुढे ‘अधिक-उणे 5’ असे मनात धरावे लागते. म्हणजे खरा आकडा 65 ते 75 च्या दरम्यान कुठेही असू शकतो. एवढ्यावर मुलाला मतिमंद ठरवायचे? नाही. आधी त्याचे कान तपासतात, कारण ज्याला ऐकूच येत नाही तो उत्तरे काय देणार? आणि मग आईला विचारतात: हा आपले कपडे आपण घालतो का? एकटा दुकानातून मीठ आणतो का? आणि उरलेले पैसे मोजून घेतो का?