ग्रँट यांचा निकाल अजून लागायचा आहे

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा अभ्यास हा छंद आयुष्यभर जोपासणारी माणसे आहेत. सुरुवात बहुधा नावे, सनावळ्या आणि कोण गोळीला बळी पडले अशा माहितीपासून होते. ती माहिती वर्षभरात संपते. मग उरलेले आयुष्य कशासाठी? माझ्या मते, अध्यक्षाची कारकीर्द संपली तरी तिच्याविषयीचा पुरावा उजेडात येतच राहतो. त्या पुराव्यापुढे आपले ठाम मत पुन्हा तपासायला लागणे, हीच या छंदाची खरी कमाई. युलिसिस ग्रँट यांच्याबाबतीत हे फार स्पष्ट दिसते.

यादवी युद्ध जिंकून देणारे हे सेनापती १८६९ ते १८७७ अशी आठ वर्षे अध्यक्ष होते. १९४८ मध्ये इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांनी ५५ जाणकारांकडून अध्यक्षांची प्रतवारी करून घेतली, तेव्हा नापास ठरलेले दोघेच होते, ग्रँट आणि हार्डिंग. सी-स्पॅन वाहिनीने २००० साली इतिहासकारांची मते घेतली तेव्हा ग्रँट ३३वे होते. २०२१ मध्ये ते २०वे झाले. त्यांच्या सहकाऱ्यांचा भ्रष्टाचार १९४८ मध्ये ठाऊक होता आणि आजही कोणी नाकारत नाही. फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीमुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी कोलंबिया विद्यापीठातल्या विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी युद्धोत्तर दक्षिणेचा इतिहास लिहिला, तो कृष्णवर्णीयांना मताधिकार देणे हीच चूक होती असे गृहीत धरून. मग त्या मताधिकारामागे सरकारी बळ उभे करणारा अध्यक्ष नापास होणारच. पुढे नागरी हक्कांच्या चळवळीने ते गृहीतक मोडले आणि १९६७ पासून ग्रँट यांच्या पत्रव्यवहाराचे खंडही एकामागून एक छापले जाऊ लागले.

इथे आक्षेप येतो की ही तर नुसती फॅशन. काळाचे वारे फिरले की अध्यक्ष वर-खाली होतात. यात तथ्य आहे. प्रश्न काळच बदलतो. पण उत्तर देताना कागद आडवे येतात आणि हवे ते बोलू देत नाहीत. ग्रँट यांच्याच कारकिर्दीत, १८७० मध्ये, अमेरिकेचे न्यायखाते स्थापन झाले. ऑक्टोबर १८७१ मध्ये ग्रँट यांनी साउथ कॅरोलिनाच्या नऊ काउंट्यांमध्ये अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा, म्हणजे हेबिअस कॉर्पसचा, हक्क स्थगित केला आणि लष्कराच्या मदतीने कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लान या संघटनेच्या शेकडो माणसांना पकडले. हे कोणत्याही पिढीने रचलेले नाही. ते आधीपासून नोंदलेले होते, फक्त त्याला वजन दिले जात नव्हते.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. अध्यक्षांच्या मागे लागले की सामान्य माणूस इतिहासातून गळतो, असे म्हणतात. पण क्लानविषयी काँग्रेसच्या समितीने घेतलेल्या साक्षी १८७२ मध्ये तेरा खंडांत छापल्या गेल्या. बुरखे घातलेल्या टोळीने रात्री दार कसे फोडले, कोणत्या पक्षाला मत दिले म्हणून फटके मारले, हे त्यात कालपरवापर्यंत गुलाम असलेल्या स्त्रीपुरुषांनी शपथेवर सांगितले आहे. ग्रँट यांच्या निर्णयाचे कारण शोधत जाणारा वाचक नेमका या माणसांपाशी पोहोचतो. मराठी वाचकाला तर हा काळ परका नाही. १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्या लोकांना अर्पण केले, तेव्हा तिथे ग्रँट यांचीच राजवट होती. त्याच वर्षी लुइझियानात कोलफॅक्सला गोऱ्या टोळ्यांनी कित्येक कृष्णवर्णीयांची कत्तल केली. मुक्तीची कीर्ती पुण्यापर्यंत आली होती आणि अमेरिकेत ती मुक्ती रोज मार खात होती, ही दोन्ही सत्ये शेजारी ठेवल्याशिवाय त्या अर्पणपत्रिकेचे मोल पुरते कळत नाही.

ग्रँट यांची बाजू सावरण्याच्या आजच्या उत्साहालाही हीच कसोटी लावायला हवी. १८७५ मध्ये मिसिसिपीत मतदारांवर दहशत बसवली जात असताना गव्हर्नर अॅडेलबर्ट एम्स यांनी फौज मागितली आणि वॉशिंग्टनने ती पाठवली नाही. फौज पाठवली असती तर ओहायोची निवडणूक हातची गेली असती, असे ग्रँट यांनी आपल्याला सांगितल्याचे मिसिसिपीचे कृष्णवर्णीय काँग्रेस सदस्य जॉन लिंच यांनी पुढे लिहून ठेवले. हा एकट्या लिंच यांचा शब्द आहे, तोही बऱ्याच वर्षांनंतरचा. तो किती धरायचा हे ठरवायला पुन्हा त्या वर्षाची पत्रे उघडावी लागतात.