इयत्ता एक, पायऱ्या अनेक

शाळेतील इयत्ता मुलाच्या वयावरून ठरते. त्याला काय येते यावरून नव्हे. त्यामुळे पाचवीच्या एकाच वर्गात गोष्ट सहज वाचणारी मुलगी असते आणि जोडाक्षरापाशी अडखळणारा मुलगाही असतो. अभ्यासक्रम वेळेत संपवायचा असल्याने शिक्षक दोघांनाही एकच धडा एकाच गतीने शिकवतात. मागे पडलेला विद्यार्थी मग दरवर्षी अधिकच मागे पडतो आणि ‘याला अभ्यासात गतीच नाही’ असा शिक्का त्याच्यावर घरातूनही बसतो.

बँकेत कर्जाचा हप्ता ठरवताना आम्ही प्रत्येकाची आवक पाहत असू. सर्वांना एकच हप्ता लावला, तर थकबाकी वाढणारच. शिक्षणातही हेच घडते.

या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईतच शोधले गेले. १९९५ मध्ये येथील वस्त्यांतून कार्यास आरंभ करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेने ‘बालसखी’ हा उपक्रम राबवला. मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळेतच सुमारे दोन तास, त्याच परिसरातील एखादी तरुणी मूलभूत वाचन व गणित शिकवीत असे. मुंबई आणि बडोदा येथील शाळांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाची शास्त्रीय पाहणी केली, तेव्हा मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली. पुढे २०१९ मध्ये या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यातून विकसित झालेली पद्धत साधी आहे. तिसरी ते पाचवीच्या मुलांची अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट अशी तोंडी वाचनचाचणी घ्यायची, इयत्तेनुसार नव्हे तर पातळीनुसार गट करायचे आणि ठरावीक काळाने पुन्हा चाचणी घेऊन प्रगती केलेल्यांना वरच्या गटात न्यायचे. गट कायमचे नसतात, हे येथे महत्त्वाचे. गुणांवरून पाडलेल्या ‘हुशार’ आणि ‘ढ’ तुकड्यांत मूल वर्षभर अडकून पडते. येथे पुढची पायरी सदैव मोकळी असते.

नेहमीच्या वर्गातही हे तत्त्व वापरता येते. विषय ‘पाऊस’ असेल, तर एकाने चित्र काढून नावे द्यावीत, दुसऱ्याने चार वाक्ये लिहावीत, तिसऱ्याने अनुभव लिहावा. आणि तिघांचेही लेखन भित्तिपत्रकावर शेजारीशेजारी लागावे. आपले लिहिलेले कोणी वाचणार आहे, ही जाणीव मुलाला लिहिते करते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानास अग्रक्रम दिला आहे. तथापि घरातील आजी-आजोबांनीही वाट पाहत बसू नये. नातवाला दोन इयत्ता खालचे पुस्तक मोठ्याने वाचायला द्यावे. तो जेथे अडखळेल, तेथूनच रोज पंधरा मिनिटे आरंभ करावा. मात्र चुलतभावाशी त्याची तुलना करू नये. कालच्यापेक्षा आज एक ओळ अधिक वाचता आली, एवढाच हिशेब पुरेसा आहे.