आईची भाकरी लाल, पुड्यातला बार हिरवा!

वजन उतरवायचं तर कॅलरीज मोजायच्या की नीट जेवायचं? घास न् घास मोबाइलमध्ये टाइप करणाऱ्या एका मुलीची ही गोष्ट. सहा किलो उतरले खरे, पण ब्लड रिपोर्ट भलतंच काही सांगत होता...

रात्रीचे साडेनऊ. डोंबिवलीतलं आमचं स्वयंपाकघर. ताटात ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि वर लोण्याचा गोळा. आणि मी? मी जेवत नव्हते, टाइप करत होते. 'भाकरी एक. चटणी दोन चमचे. लोणी एक चमचा.' ओके दाबलं आणि अॅपमधली पट्टी लालभडक! दिवसाचा १२०० कॅलरीजचा कोटा संपला होता. मी लोणी बाजूला काढलं, चटणी परत वाटीत सरकवली, भाकरी अर्धी मोडली.

तेवढ्यात आईची नजर स्क्रीनवर गेली.

'हे लाल का झालंय गं?'

'कॅलरीज जास्त झाल्या.'

'आणि दुपारी तो पुड्यातला कसलासा बार खाल्लास, तेव्हा?'

'तेव्हा हिरवं होतं.'

आई काहीच बोलली नाही. आमची आई काही बोलली नाही, की समजायचं प्रकरण गंभीर आहे.

त्याचं काय झालं होतं, मे महिन्यात मावसबहिणीचं लग्न होतं. मी फ्रीलान्सर. म्हणजे घरच हापिस, खुर्ची तीच, डेडलाइन तीच आणि दिवसाला चार-पाच चहा. उंची पाच फूट तीन इंच, वजन ६४. पैठणीवरचा जुना ब्लाउज हातातून वर सरकेना. मग काय, एका मैत्रिणीने अॅप सुचवलं. त्याने विचारलं, किती किलो? मी म्हटलं, सहा. त्याने सांगितलं, १२००. झालं. पुढचे चार महिने मी त्या आकड्याच्या ताब्यात.

आणि खरं सांगते, फंडा चालला. लग्नाच्या दिवशी काटा ५८ वर. फोटो एकदम सॉलिड! 'काय गं, काय केलंस?' असं विचारणाऱ्या मावश्यांची रांग लागली होती.

जून उजाडला आणि न्हाणीघराच्या जाळीत केसांचे पुंजके दिसायला लागले. स्टेशनचा पूल चढताना धाप. दुपारी चारला असं वाटायचं, की कीबोर्डवरच डोकं ठेवून झोपावं. आईने ओढतच फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ९.४. बायकांमध्ये ते किमान १२ हवं. उपाशीपोटीची साखर १०६. ती शंभराच्या आत हवी.

'वजन छान आहे की तुझं,' डॉक्टर म्हणाले. 'पण काटा फक्त किलो सांगतो. आत काय चाललंय, ते त्याला कुठं कळतं?'

मी बाबांकडे पाहिलं. आमचे बाबा म्हणजे काडी पैलवान. आयुष्यात कधी पोट सुटलं नाही. आणि तरी एक्कावन्नाव्या वर्षी डायबिटीस. जेवणाच्या टेबलावर मिठाच्या शेजारी त्यांच्या गोळ्यांचा डबा असतो. त्या दिवशी तो डबा मला पहिल्यांदा माझा वाटला.

मास कॉमला आम्हाला एक गोष्ट घोकून घोकून शिकवली होती, दोन्ही बाजू ऐका. तर मंडळी, ऐकूया.

बाजू पहिली : आकडा आकडाच असतो

कॅलरी म्हणजे काही पदार्थाला लागलेला डाग नव्हे. ते ऊर्जेचं माप आहे, लांबीला जसं सेंटिमीटर तसं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत विल्बर अॅटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने खाण्यातल्या ऊर्जेचा हिशोब मांडला. त्याचं सार आजही आपल्या पुड्यांवर छापून येतं. एक ग्रॅम प्रोटीन किंवा कार्बोहायड्रेट म्हणजे ४ कॅलरीज, एक ग्रॅम फॅट म्हणजे ९.

शरीर खर्च करतं त्यापेक्षा कमी खाल्लं, की वजन उतरतं. मग ते खाणं कसलंही असो. पटत नाही? २०१० मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत न्यूट्रिशन शिकवणाऱ्या मार्क हॉब यांनी स्वतःवरच प्रयोग केला. दहा आठवडे मुख्यतः ट्विंकी, म्हणजे क्रीम भरलेले पुड्यातले केक, शिवाय चिप्स आणि कुकीज. अट एकच, दिवसाला १८०० च्या आत. वजन उतरलं तब्बल २७ पौंड, म्हणजे बारा किलोच्या आसपास! रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉलही कमी झालं. अर्थात, सोबत ते मल्टिव्हिटॅमिनची गोळी, प्रोटीन शेक आणि थोडी भाजीही घेत होते. आणि इतरांनी असं खावं, असा त्यांचा सल्ला अजिबात नव्हता.

याउलट माझी एक कॉलेजची मैत्रीण. ती क्लीन ईटिंगवाली. साखर बंद, गूळ सुरू. रिफाइंड तेल बंद, घाण्याचं सुरू. सकाळी खजूर-बदामाचे लाडू, भातावर तुपाची धार, संध्याकाळी मूठ-मूठ सुकामेवा. 'हेल्दी आहे ना!' सहा महिन्यांत चार किलो वाढली आणि मला फोन करून रडली. लोच्या कुठे होता? शंभर ग्रॅम साखरेत ४०० कॅलरीज आणि तेवढ्याच गुळात साधारण ३८०. तेल घाण्याचं असो की ऑलिव्हचं, एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरीज असतातच. पदार्थ चांगला आहे म्हणून शरीर त्याचा हिशोब माफ करत नाही.

म्हणजे आकडा जिंकला? थांबा.

बाजू दुसरी : पण भूक आकडे वाचत नाही

२०१९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केविन हॉल आणि त्यांच्या टीमने एक भारी प्रयोग केला. वीस माणसांना चार आठवडे चक्क संस्थेतच राहायला बोलावलं. दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड जेवण, म्हणजे कारखान्यातून आलेलं, तयार. दोन आठवडे साधं, कमीत कमी प्रक्रिया केलेलं. गंमत अशी, की समोर येणाऱ्या दोन्ही ताटांत कॅलरीज, साखर, फॅट, मीठ, फायबर हे सगळं जुळवलेलं होतं. सूचना एकच, हवं तेवढं खा.

निकाल? तयार खाण्याच्या दिवसांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरीज जास्त खात होती. दोन आठवड्यांत ०.९ किलो वाढ. साध्या जेवणाच्या दोन आठवड्यांत ०.९ किलो घट. कोणी कोणाला 'डाएट कर' म्हटलेलं नव्हतं. मऊमऊ तयार खाणं माणसं भराभर खात होती, आणि पोट भरल्याचा निरोप पोहोचेपर्यंत ताट रिकामं! प्रयोग लहान होता, मान्य. पण आठवून बघा, बिस्किटाचा पुडा संपायला किती वेळ लागतो? आणि भाकरी चावायला?

त्याआधी २०१८ मध्ये स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीचा ६०९ जणांवरचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. निम्म्यांना फॅट कमी, निम्म्यांना कार्ब्ज कमी. कॅलरीज मोजायला कोणालाच सांगितलं नव्हतं. दोन्ही गटांना सांगितलं, साखर आणि मैदा टाळा, भाज्या भरपूर खा. एका गटाचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६. फरक नगण्य!

शिवाय लेबलवरचा आकडा म्हणजे काही देववाणी नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी बदाम तपासले. मूठभर बदामांत लेबलच्या हिशोबाने १७० च्या आसपास कॅलरीज, पण शरीराला प्रत्यक्षात मिळतात १२९. बाकीच्या न पचताच बाहेर जातात. प्रोटीनची आणखी वेगळी तऱ्हा. त्यातली २० ते ३० टक्के ऊर्जा त्याच्या पचनातच खर्च होते, फॅटच्या बाबतीत हा खर्च जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत.

पुण्याचा तो फोटो

डॉक्टरांनी मला एक फोटो शोधायला सांगितला. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलेला. फोटोत दोन डॉक्टर शेजारी-शेजारी उभे. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के!

यालाच म्हणतात 'थिन-फॅट इंडियन'. दिसायला बारीक, आतून चरबीदार. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ वर नाही, २३ वर धरतात. कंबर बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांची ९० च्या आत हवी. माझा बीएमआय २२.७, म्हणजे मी पास. कंबर मोजली तर ८४. म्हणजे नापास. बाबांच्या गोळ्यांच्या डब्याचं कोडं मला तिथे थोडंफार उलगडलं.

मग माझं चुकलं कुठे?

हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ न्यूट्रिशनने २०२० मध्ये दिलेल्या हिशोबानुसार ५५ किलोच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे १६६० कॅलरीज लागतात. पुरुषाला, ६५ किलो वजन धरून, २११०. मी १२०० वर जगत होते. चूक नंबर एक.

चूक नंबर दोन त्याहून मोठी. त्या १२०० मध्ये मी भरत काय होते? सकाळी डाएट बिस्किटं. दुपारी बार. संध्याकाळी पाकिटातलं सूप. कारण पुड्यावर आकडा छापलेला असतो ना! टाइप करायला सोपं. आमटीवर थोडाच छापलेला असतो? मोजायला सोपं तेच मी खात गेले. आणि डाळ, मेथी, दाणे, अंडी हे सगळं मात्र 'जड' म्हणून वजा होत गेलं. सहा किलोंत नुसती चरबीच गेली, असं मी आता छातीठोकपणे म्हणणार नाही.

हिशोबच करायचा तर असा करून बघा. शंभर ग्रॅम क्रीम बिस्किटांत ४८० च्या आसपास कॅलरीज. जवळपास तेवढ्यातच एक ज्वारीची भाकरी, वाटीभर आमटी, वाटीभर पालेभाजी, छोटी वाटी दही आणि काकडी बसते. आकडा तोच. पण दुपारी चारला कोण जागं असेल, तुम्हीच सांगा!

ऑफिसात हे जमणार कसं?

मला ठाऊक आहे, तुमच्याकडे मेथी निवडायला वेळ नाही. माझ्याकडेही नाही. म्हणून मला जमलं तेवढंच सांगते.

चहा मोजा. चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरीज. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेला सल्ला २५ ग्रॅमच्या आत राहण्याचा आहे, आणि त्यात बिस्किटं-मिठाईही आली. मी आधी दोनाचा दीड चमचा केला, मग एक. आता पूर्वीचा चहा मला सरबत वाटतो.

डब्यात आधी डाळ किंवा उसळ, मग भाजी, मग पोळी. आयसीएमआरच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही धान्यांतून मिळणाऱ्या कॅलरीज ४५ टक्क्यांपर्यंतच ठेवा, असं म्हटलंय. आपल्या ताटात मात्र पोळी नि भात मिळूनच मैफल मारतात. त्याच सूचनांनुसार देशातल्या आजारांच्या एकूण ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझं चुकीच्या आहाराशी जोडलेलं आहे.

पाचची भूक खरी असते, तिच्याशी भांडू नका. ड्रॉवरमध्ये भाजलेले चणे ठेवा. दाणेही चालतील, पण मूठभरच. डबाभर नाही!

पुडा उलटा करून वाचा. मोठ्या अक्षरातला आकडा बहुतेक वेळा शंभर ग्रॅमचा असतो, अख्ख्या पुड्याचा नव्हे. आणि घटकांची यादी स्वयंपाकघरात कधीही न दिसणाऱ्या नावांनी भरली असेल, तर तो पुडा रोजचा नको.

आणि काट्याबरोबर टेपही वापरा. वर्षातून एकदा रक्त तपासा. घरात डायबिटीस असेल तर टाळू नकाच.

मी डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेतल्या. संध्याकाळी पाऊण तास चालायला लागले. आईच्या ताटाकडे परतले. सहा महिन्यांनी वजन ५९, म्हणजे किलोभर जास्तच. पण कंबर ८१. हिमोग्लोबिन १२.१. साखर ९७. केसांचं मात्र अजून चाललंय.

अॅप मी काढून टाकलेलं नाही. महिन्यातून एक दिवस सगळं लिहिते. तेल आणि गोडाचा हात सैल झालाय का, ते कळतं. बाकीचे दिवस मोबाइल बाहेरच्या खोलीत.

परवा रात्री भाकरी, मेथी आणि चटणी असा बेत होता. आईने विचारलं, 'आज कुठला रंग?'

'मोजलंच नाही,' मी म्हटलं आणि लोण्याच्या भांड्याकडे हात नेला.

'बरं केलंस,' आई म्हणाली. 'पण एकदा वाढलंय मी लोणी. दुसऱ्यांदा नको.'